गाण्यांचे धनी

माझ्याकडची गाणी माणसांच्या नावावर लागलेली आहेत. गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं मला पाठ आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरही आहे. पण गाणं सुरू झालं की आधी आठवतो तो आमच्या घरात ते गुणगुणणारा माणूस. हे आजीचं, हे आत्याचं, हे नानांचं, हे शेंदुर्णीहून येणाऱ्या मैत्रिणीचं. तो माणूस कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्द विसरून नुसता सूर लांबवायचा, कोणत्या ओळीला त्याचा हात थांबायचा, हे सगळं त्या गाण्याचाच भाग होऊन बसलं आहे. तेच गाणं दुसऱ्या कुणी अगदी सुरेल म्हटलं तरी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आजीचं माहेर भादली. म्हणजे असोद्याच्या शेजारचं गाव. असोद्यात 1880 सालच्या नागपंचमीला बहिणाबाईंचा जन्म झाला, पुढे त्या जळगावात चौधरींच्या घरी नांदल्या. लिहितावाचता येत नव्हतं. घरोटावर, म्हणजे जात्यावर बसल्या, शेतात वाकल्या, की ओव्या सुचायच्या. त्या मुलाने, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी लिहून ठेवल्या. 1951च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. 1961 मध्ये अनंत मान्यांच्या 'मानिनी'त ती गाणी वसंत पवारांच्या चालींवर पडद्यावर आली आणि महाराष्ट्रभर पोहोचली. हे सगळं मी शाळेत शिकले. आजी शाळेत गेली नव्हती, पण जळगाव आकाशवाणीवर बहिणाबाईंचं गाणं लागलं की हातातलं सूप खाली ठेवायची. गाणं संपेपर्यंत गप्प. मग म्हणायची, चाल चांगली आहे, पण घरोट एवढा भरभर फिरत नाही. आणि तेच शब्द ती घरोटाच्या वेगाने म्हणून दाखवायची. एक फेरा, एक ओळ. मूठभर दाणे घालायला मध्ये थांबा, मग पुढची ओळ. तोपर्यंत घरात पिठाच्या गिरणीचंच पीठ येत होतं, घरोट कोपऱ्यात उभा होता. तरी तिच्या गाण्यातली दाणे घालायची जागा कायम राहिली.

आजीकडे स्वतःच्याही ओव्या होत्या. त्या तिने केल्या की तिच्या आईने, हे तिलाही सांगता आलं नसतं. आमचा पाचोरा अहिराणीचा, तिची भादलीची बोली वेगळी. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती की ती आमच्यासारखंच बोलायची. मी विचारलं, तर म्हणाली, "मन्हं शे का ते? समदास्नं शे." सगळ्यांचं म्हणजे नेमकं कुणाचं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले. भादली, असोदा, पाचोरा, भडगाव इथल्या कितीतरी घरांत कवी मुलगा नव्हता आणि ज्या बायकांनी दळताना, निंदताना, कापूस वेचताना जन्मभर गायलं, त्यांचं गाणं त्यांच्याबरोबर गेलं. पुढे पुण्याकडे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं आणि तो संग्रह लाखाच्या वर गेला. तो आकडा वाचताना मला आजीचं सूप आठवलं. लाख ओव्या म्हणजे तेवढ्या वेळा कुणीतरी दळण थांबवून सांगितलं असणार.

आखाजी आमच्याकडे दिवाळीहून मोठी. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर आणि आंबा ठेवायचा, सांजोऱ्या तळायच्या, आणि त्याआधी सासरी गेलेल्या लेकीला आणायला भावाने मुऱ्हाळी म्हणून जायचं. आमची आत्या पहूरला दिलेली. तिला आणायला नाना, म्हणजे माझे वडील, पीजेने जायचे आणि मी त्यांच्याबरोबर. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, छप्पन्न किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत ती इतकी निवांत जायची की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं पुरं व्हायचं. परतीच्या प्रवासात आत्या माहेरच्या दिशेला तोंड करून बसायची. शेंदुर्णी सोडलं की तिचं झोक्याचं गाणं सुरू. शेजारच्या बायकाही त्यात शिरायच्या, कारण त्याही बहुतेक आखाजीलाच निघालेल्या असायच्या.

या गाण्यांची रीतच अशी की चाल गावाची, सांगाडा सगळ्यांचा, आणि मधल्या ओळीत प्रत्येकीने आपापल्या भावाचं नाव घालायचं. आत्या नानांचं नाव घालायची. मोठेपणी कुणी घेत नाही ते, लहानपणचं, अर्धं तोडलेलं नाव. आजी गेल्यानंतर त्या नावाने त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नाही. फक्त वर्षातून एकदा झोक्यावर ते नाव यायचं. अंगणातल्या लिंबाला दोर बांधलेला असे. आत्या उभ्याने झोका घ्यायची, वर गेली की पहिली ओळ, खाली येताना भावाचं नाव. ओसरीवर बसलेले नाना मान खाली घालून डांगर कापत राहायचे. ते लाजत असावेत, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, ते ऐकत होते.

नानांचं स्वतःचं गाणं मात्र मुकेशचं. ते जिनिंगमध्ये नोकरीला. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायला लागल्या की रात्री उशिरा घरी यायचे, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. अंगावर पाणी घेऊन जेवायला बसायचे आणि विविध भारती लावायचे. 'छायागीत' संपेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मुकेशचं गाणं लागलं की ते मुखडा सोडून द्यायचे आणि अंतरा म्हणायचे. मुखडा तर सगळेच म्हणतात, अंतरा म्हणणाऱ्याला गाणं आवडतं, असं त्यांचं मत होतं. 1976च्या ऑगस्टमध्ये मुकेश अमेरिकेत दौऱ्यावर असताना गेले. रेडिओवर बातमी ऐकून नाना जेवत्या ताटावरून उठले. आई काही बोलली नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. घरात कुणी गेलेलं नसताना बाप असा उठतो हे पहिल्यांदा पाहिलं. न पाहिलेल्या माणसाशीही नातं जडतं, हे त्या रात्री कळलं.

आई गात नसे. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या दिवसांत आळीतल्या सगळ्या बायका आमच्या गच्चीवर जमत आणि कुणी ना कुणी सुरू करी, पण आई नुसती हाताने ताल धरी. जिभाऊ, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, तेही गात नसत. त्यांचं गाणं पायांत होतं. लग्नात बँडवाल्याने तीनपावलीची चाल धरली की ते उपरणं कंबरेला बांधून उतरायचे, आणि मांडवातली सगळी पुरुषमंडळी त्यांच्या मागे तीच तीन पावलं टाकत फिरायची. आजही कुठल्या वरातीत ती चाल लागली की माझी नजर गर्दीत उपरण्याचा शोध घेते.

कॉलेजात भेटलेली मैत्रीण शेंदुर्णीची. सकाळच्या पीजेने यायची, संध्याकाळच्या पीजेने जायची. तिच्याकडे 'जैत रे जैत'ची कॅसेट होती. जब्बार पटेलांचा तो सिनेमा 1977चा. कादंबरी गोनीदांची, संगीत हृदयनाथांचं, आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोर पळसखेड्याचे, शेंदुर्णीच्या शाळेत शिकलेले, पुढे कॉलेज सोडून शेतीकडे वळलेले. म्हणजे आमच्याच गाडीच्या वाटेवरचा कवी. सिनेमातले ठाकर सह्याद्रीतले, डोंगर तिकडचा, पण गाण्यांत जो पाऊस आणि जी काळी माती होती ती आम्हाला ओळखीची वाटायची. गाडी सुटायच्या आधी फलाटावर ती एखादं गाणं म्हणायची. तिचा आवाज वरच्या सुरात फाटायचा. तिथे ती थांबायची नाही, फाटक्या आवाजानेच पुढे जायची. तिची ही धिटाई मला फार आवडायची. मला ती कधी साधली नाही. 3 ऑगस्ट 2023ला महानोर गेले. त्या दिवशी तिचा नाशिकहून फोन आला. बोलणं झालं ते आमच्या मुलांबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल, आणि मग तिने तेच गाणं म्हटलं. आवाज तिथेच फाटला. ती पुढे गेली.

नानांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. समजायचं सगळं, पण शब्द यायचा नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाबा, नाव काय तुमचं? नानांचे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि एखादा भलताच आवाज बाहेर पडायचा. मग ते डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर कमी बोललेल्या माणसाची बोलण्यासाठी चाललेली ती धडपड पाहवत नव्हती.

आत्या पहूरहून आली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत. दिवसभर उशाशी बसून राहिली. संध्याकाळी, काही सुचेना म्हणून असेल, तिने हळूच झोक्याचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. भावाच्या नावाची ओळ आली आणि तिचा गळा दाटला. तिने जागा रिकामी सोडली. त्या जागेत नानांनी नाव घातलं. स्वतःचं, लहानपणचं, अर्धं तोडलेलं नाव, चालीत, स्पष्ट. आणि पुढची ओळही म्हटली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, झटका तिथे बसला की वाचा जाते. पण सुराचं काम उजवी बाजूही करते, म्हणून बोलू न शकणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. यावर उपचाराची पद्धतही आहे. 1973 मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी ती मांडली. साधं वाक्य चालीत घालायचं, रुग्णाच्या डाव्या हाताने ताल धरायचा आणि हळूहळू चाल कमी करत बोलण्याकडे यायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आम्ही ते केलं. 'पाणी दे' हे दोन शब्द आम्ही आत्याच्या झोक्याच्या चालीत बसवले. नाना पाणी मागायला लागले. मुकेशचे अंतरेही आले, मुखडे नाही आले. डॉक्टरांना याचं कारण सांगता आलं नाही. मला ते विचारायची गरजही वाटली नाही.

नाना त्यानंतर दोन आखाज्या राहिले. पुढे आत्याही गेली. 2020च्या टाळेबंदीत थांबलेली पीजे पुन्हा त्या रुळांवर आली नाही, आता तिथे मोठ्या रुळांचं काम आहे. पुतणे सुरतला, उधना-लिंबायत भागात, जिथे अर्धा खान्देश राहतो. त्यांच्या मोबाइलवर अहिराणी गाणी असतात, डीजेच्या ठेक्याची, लाखोंनी पाहिलेली. माझ्या वयाच्या काहींना ती कर्कश वाटतात. मला त्यांचा आनंद वाटतो. आमच्या पिढीत शहरात गेलेली मुलं अहिराणी बोलायला लाजत होती. ही मुलं सुरतच्या रस्त्यावर तीच बोली मोठ्याने वाजवतात. पुढे कधीतरी त्यांच्याही गाण्यांवर कुणाकुणाची नावं लागतील.

कानबाई देवीच्या सणाला मात्र सगळे पाचोऱ्याला येतात. नागपंचमीनंतरचा रविवार. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून रोटाचं दळण करायचं, कानबाई बसवायची आणि रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. परवाच्या कानबाईला मी वही घेऊन बसले. आत्याची सून आणि माझी काकू यांच्यात एका कडव्यावरून चांगलीच जुंपली. काकूचं माहेर जामनेरकडचं, तिकडची तावडी बोली. तिच्या गाण्यात देवी मांडवाखालून येते. आत्याच्या सुनेच्या गाण्यात ती नदीवरून येते. दोघींनी आपापल्या सासूचा, आईचा दाखला दिला. रात्री दीडच्या सुमाराला सुरतची पुतणसून म्हणाली, माझ्या आजीचं तिसरंच आहे, सांगू का? मी वहीचं पान उलटलं, वर तिच्या आजीचं नाव विचारून लिहिलं आणि तिला सांगितलं, दळणाच्या वेगाने म्हण, म्हणजे मला लिहिता येईल.