परक्या दप्तरातली उमेदवारी

मोडी कागद वाचण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याच्याकडे इतिहासाचे विद्यार्थी यावेत हे ओघानेच आले. परंतु अलीकडे माझ्या रविवारच्या वर्गात वाणिज्य आणि भौतिकशास्त्राची मुलेही जुन्या कागदांचे रुमाल सोडायला बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबाहेर डोकावण्याची मुभा देऊन त्यास श्रेयांकही लावून दिले, हे बरेच झाले. मात्र वेळापत्रकातला रिकामा तास पाहून निवडलेला विषय पाहुण्यासारखा येतो आणि परीक्षेनंतर पाहुण्यासारखाच जातो. माझ्या मते परक्या दप्तरात शिरावे ते उमेदवार म्हणून, आणि शिरताना आपल्या शास्त्राची खोड बरोबर आणावी. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या आहत नाण्यांकडे मोर्चा वळविला, तेव्हा गणित दाराबाहेर ठेवले नाही. वापराने नाणी झिजतात व त्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते, हाच धागा त्यांनी कालक्रमासाठी धरला.

गेल्या पावसाळ्यात वाणिज्य शाखेच्या एका मुलीपुढे मी जुन्या जमाखर्चाची नक्कल ठेवली. मोडीत शब्दांमध्ये जागा सुटत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. तिला अक्षराआधी आकडे उमगले. पण ‘१२॥’ यातले दोन दंड श्लोक संपल्याची खूण समजून तिने सोडून दिले (लहानपणी रामरक्षा पाठ केल्याचा परिणाम!), आणि बेरीज लागेना. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कारकुनाच्या माथी चूक मारून पान उलटले असते. ही मात्र ताळा जुळल्याखेरीज उठणारी नव्हे. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे तिने मला न विचारता बेरजेवरून हुडकून काढले.

भौतिकशास्त्राच्या मुलाने तर माझीच पंचाईत केली. जुन्या कागदावर साल शब्दांत लिहिलेले असते: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११७१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे ६०० मिळविले की इसवी सन येतो, हा नियम मी वर्षानुवर्षे घोकून घेत आलो. त्याने विचारले, “सर, महिने रजब-साबान असे चांद्र, मग हे अंतर दर काही वर्षांनी बदलत कसे नाही?” वर्षाचा आरंभ मृगास, म्हणजे सूर्याच्या गतीवर बांधलेला असल्यामुळे, एवढे मी सांगितले खरे, पण त्यापुढे माझी गाडी अडली. पुढल्या रविवारी मी पंचांग घेऊन त्याच्यासमोर बसलो, आणि चांद्र वर्षाच्या ३५४ दिवसांशी सौर वर्षाची तुलना करून, दरसालच्या अकरा दिवसांच्या फरकाने कोणताही महिना सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून कसा येतो, हे त्याने एका पाठकोऱ्या कागदावर मला मांडून दाखविले.