टीव्हीचा घसा

टीव्ही घ्यायला माणूस गेला की तो चित्र बघतो. रंग बघतो, इंच विचारतो, भिंतीवर कुठं लावायचा ते मनाशी ठरवतो. आवाज कसा आहे हे दुकानात कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी तिथल्या गलबल्यात कळत नाही. घरी आणल्यावर महिनाभरानं एकेक जण म्हणायला लागतो, "वाढव जरा." आमच्याकडं वाढवता वाढवता आकडा साठाच्या पुढं गेला आणि तरी मामंजींना शब्द कळेनात.

मामंजी आता ऐंशीच्या घरात आहेत. बातम्या, हवामान आणि बाजारभाव, एवढंच त्यांना लागतं. आवाज येतो, पण काय म्हणाला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "सोयाबीनचं काय म्हणला गं?" असं ते विचारायचे आणि मी चुलीपुढून उठून सांगेपर्यंत पुढची बातमी निघून जायची. मग त्यांनी विचारणंच सोडलं. टीव्ही लागला की बाज ओसरीत ओढून घ्यायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचं. घरातला कर्ता माणूस असा हळूहळू घराबाहेर सरकत गेलेला बघवत नाही. आत्याबाई म्हणायच्या, "कान दाखवून या एकदा." ते म्हणायचे, "माझ्या कानाला काय धाड भरलीय? त्या टीव्हीचाच घसा बसलाय."

यातलं निम्मं खरं आहे. पूर्वीचा टीव्ही म्हणजे पेटी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं जे टीव्ही गावात आले ते पोटाला चांगले हातभर खोल. आत स्पीकरला जागा असे आणि बहुतेक पेट्यांत त्याचं तोंड बघणाऱ्याकडं असे. आताचा टीव्ही दोन-तीन बोटं जाड. एवढ्याशा जागेत स्पीकर मावणार केवढा? शिवाय बऱ्याच टीव्हींत त्याचं तोंड खाली नाहीतर मागं भिंतीकडं. पाठ फिरवून भिंतीशी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं आपल्याला कसं कळावं?

राहिलेलं निम्मं वयाचं. म्हातारपणी कान जातो तो आधी बारीक, उंच आवाजाच्या अंगानं. 'स', 'श', 'फ', 'थ' या अक्षरांत जो वाऱ्यासारखा भाग असतो तो आधी हरवतो. 'आ', 'ओ' शाबूत राहतात. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. भावाच्या बातमीत साठ आणि आठ यांत केवढा फरक, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. नुसता आवाज वाढवून हे भागत नाही, कारण मागचं संगीत आणि ढमढमही तेवढंच वाढतं.

सोयाबीनची पट्टी आली तेव्हा थोरल्यानं विषय काढला. त्याला पाच पॉइंट एकचा संच हवा होता. पाच पॉइंट एक म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागं दोन, आणि जाड आवाजासाठी एक वूफर. तो वूफर म्हणजे पॉइंट एक. ही कल्पना थिएटरातली. १९७५ साली 'शोले' आला तो सत्तर मिलिमीटरचा, अंगाभोवती फिरणाऱ्या आवाजाचा, आणि मोठ्या शहरांतल्या थिएटरांत लोकांनी चौफेर आवाज ऐकला. थोरल्याचं म्हणणं, तसा पाऊस घरात मागून यायला पाहिजे. पोराची हौस काही वाईट नव्हती. शिवाय सिनेमात माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरातून येतं, आणि तो वेगळा मोठा करता येतो, म्हणजे मामंजींचंही काम झालं असतं.

पण त्या संचात पाच वेगळे आवाज निघायला मुळात पाच वेगळे आवाज यावे लागतात. आपल्या छत्रीवर आणि केबलवर बहुतेक वाहिन्या दोनच आवाज देतात, डावा आणि उजवा. बाकीचे तीन यंत्र आपल्या अंदाजानं पाडतं. ओढ्याला पाणी दोन इंच असेल तर पाच पाट काढून जास्त रान भिजत नाही. इंटरनेटवरच्या कित्येक सिनेमांत पुरे पाच असतात, ते खरं. पण आमच्याकडं सिनेमा आठवड्यातून एक आणि बातम्या रोज तीनदा.

मग आली वॅटची गोष्ट. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या स्वस्त संचांच्या खोक्यावर दहा-दहा हजार वॅट छापलेले असतात. आमच्या ह्यांनी ते वाचून पेन काढलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर ३,७३० वॅटची. दहा हजार म्हणजे तेरा हॉर्सपॉवरच्या वर! एवढी वीज घरातल्या बोर्डावर ओढायची तर मीटरच बसेल. खोका उलटा केला तेव्हा मागच्या पट्टीवर वीज लागते साठ वॅट, असं बारीक अक्षरात होतं. साठ वॅट खाणारं जनावर दहा हजार वॅटचं काम कसं करणार? त्या मोठ्या आकड्यापुढं 'पीएमपीओ' लिहिलेलं असतं. तो आकडा वाचायचाच नाही. 'आरएमएस' असं लिहिलेला आकडा बघायचा, तो सतत मिळणाऱ्या ताकदीचा. आमच्या बारा बाय सोळाच्या खोलीला तो शंभरापर्यंत असला तरी मुबलक.

खोलीचंही बघावं लागतं. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवून बघा. टाळी घुमली की समजा, शब्दही तसेच एकमेकांत मिसळणार. सुगीत याच खोलीत पोत्यांची थप्पी लागते तेव्हा बोलणं कसं स्वच्छ ऐकू येतं, ते आठवा. पोती आवाज पितात. पोती बारमाही ठेवता येत नाहीत, म्हणून मी टीव्हीसमोरच्या भिंतीला एक जाड गोधडी टांगली आणि खाली सतरंजी अंथरली. काही न विकत घेता निम्मा फरक तेवढ्यानंच पडला. आत्याबाईंना मात्र अंगावरची गोधडी भिंतीवर बघून अजून राग येतो.

मागच्या दोन स्पीकरांच्या तारा भिंतीकडेनं न्यायच्या म्हटलं की मला उंदीरच दिसतात. आणि त्या स्पीकरांची मजा मधोमध बसणाऱ्या एक-दोघांना. आम्ही बसतो नऊ-दहा जण, कुणी बाजेवर, कुणी दारात, कुणी भिंतीला टेकून.

शेवटी ठरलं ते टीव्हीखाली ठेवायच्या लांब पट्टीचं, ज्याला साउंडबार म्हणतात, आणि सोबत एक छोटा वूफर. तोंड समोर, तारा दोनच, आणि बोलण्याचा आवाज उठवून ढमढम खाली बसवायचं वेगळं बटण. दुकानात जाताना ह्यांनी टीव्हीच्या मागचा फोटो काढून नेला होता, ते बरं झालं. एचडीएमआयच्या खाचांपैकी एकीवर 'एआरसी' लिहिलेलं असेल तर एका तारेत काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. मामंजींच्या हातात दोन रिमोट देणं म्हणजे दोन भांडणं. ज्यांच्या टीव्हीला ती खाच नाही त्यांनी ऑप्टिकलची खाच बघावी. ब्लूटूथवर सगळं सोडू नये. कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. आणि दुकानदाराला गाणं लावू देऊ नका, बातम्या लावा म्हणावं. गाणं कशावरही गोड लागतं.

थोरला दोन दिवस गप्प होता. चौफेर पाऊस त्याला मिळाला नाही, हे खरंच आहे, आणि त्याची भरपाई मी काही करू शकत नाही. पुढं खोली वाढली तर मागचे दोन जोडता येतील असाच साउंडबार त्यानं हट्टानं निवडून घेतला आहे.

मामंजींची बाज बातम्यांच्या वेळेला आत येते. भाव त्यांना स्वतःला कळतो. परवा त्यांनीच मला आवाज देऊन सांगितला. मालिकांतल्या बायका भरभर बोलतात तेव्हा अजूनही सुटतं. म्हणून कान दाखवायचं मी सोडलेलं नाही; पेरण्या झाल्या की जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलंय, आणि या खेपेला ते नाही म्हणाले नाहीत.

वूफर आधी कोपऱ्यात ठेवणार होतो. पण कोपऱ्यात जाड आवाज दुप्पट घुमतो, पत्रे थरथरतात, आणि त्या भिंतीपलीकडं आमचा गोठा. ऐन धारेच्या वेळी म्हैस दचकली की पान्हा चोरते, मग कितीही आंबोण घाला. जाड आवाज कुठून येतो हे कानाला नीटसं कळत नाही, त्यामुळं तो डबा कुठंही चालतो. आता तो कणगीशेजारी आहे, आणि संध्याकाळी धारा होईपर्यंत त्याची पिन काढून ठेवायचं काम धाकटीकडं आहे.