सुनंदा, ती बाटली मागवण्याआधी

सोलापूर

प्रिय सुनंदा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. रात्री तीन-तीनदा घामाने भिजून उठतेस, खिडकी उघडलीस तर तिकडच्या थंडीने घरातले बाकीचे कुडकुडतात, आणि मैत्रिणीने ‘ईव्हनिंग प्रिमरोज ऑइल’ घे म्हणून सांगितलंय. शिवाय नातीच्या इसबालाही तेच चालेल का, असं विचारलंस. फोनवर ‘घे’ किंवा ‘नको’ एवढं सांगून भागलं असतं, पण या तेलाची गोष्ट तुला नीट सांगावीशी वाटली. फार्मसीच्या मुलांना इतकी वर्षं शिकवताना मी ती दरवर्षी सांगत आले. आणि तिचा बराचसा भाग तू राहतेस त्या इंग्लंडात, अगदी तुझ्या लेस्टरमध्येसुद्धा घडलेला आहे.

झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं. सतराव्या शतकात ते युरोपात आलं आणि रेल्वेच्या कडेला, वाळूत, पडीक रानात कुठेही रुजलं. फूल पिवळंधमक, चार पाकळ्यांचं. सूर्य बुडायच्या सुमाराला कळी सुटते ती बघता बघता, पाकळ्या हलताना डोळ्यांना दिसतात. रात्रीचे पतंग त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फूल मिटतं. उन्हाळ्यात कालव्याकाठी फिरायला जाशील तेव्हा शोध, बहुतेक सापडेल. याच कुळातल्या एका जातीवर ह्यूगो द व्ह्रीस या डच शास्त्रज्ञाची नजर १८८६ साली हिल्व्हरसमजवळच्या एका सोडून दिलेल्या बटाट्याच्या शेतात पडली आणि तिच्यावरूनच त्याने पुढे उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. म्हणजे औषध म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी या झाडाने विज्ञानात आपली जागा केली होती.

आता तेलाकडे येते. बी मोहरीहूनही बारीक. त्यातून निघणाऱ्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं. त्यात नवल काही नाही, आपल्या करडईच्या तेलातही ते तितकंच असतं. सोलापूरच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चमच्याचमच्याने ते पोटात गेलेलं आहे. वेगळं आहे ते उरलेल्यातलं आठ-दहा टक्के, गॅमा-लिनोलेनिक आम्ल. १९१९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते या तेलात शोधलं. सगळी कीर्ती, सगळा व्यापार आणि सगळा वाद या आठ-दहा टक्क्यांभोवती फिरतो.

आपलं शरीर लिनोलेइक आम्लापासून हे गॅमा-लिनोलेनिक स्वतःच बनवतं. त्यासाठी डेल्टा-६-डिसॅच्युरेज नावाचं एक विकर लागतं आणि ते विकर फार धिम्या गतीने काम करतं. पुढे या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-१ सारखी द्रव्यं तयार होतात, ती दाह शमवणारी मानली जातात. १९८०च्या सुमाराला इसबाच्या रुग्णांच्या रक्तात एक गोष्ट आढळली. त्यांच्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, पण त्याच्या पुढच्या पायरीवरची द्रव्यं कमी. म्हणजे विकर अडलंय, असा तर्क झाला. पूल खचला असेल तर माल नदीपलीकडच्या काठावरच उतरवावा, तसं गॅमा-लिनोलेनिक आम्ल थेट पोटात द्यावं आणि विकराची पायरीच टाळावी. किती सुंदर कल्पना आहे बघ! मला ती अजूनही सुंदर वाटते. वर्गात फळ्यावर ती साखळी काढली की मुलांचे डोळे चमकायचे, आणि मी दर वेळी त्यांना तिथेच थांबवून विचारायची, ‘छान. पण रुग्णाची खाज कमी झाली का?’

ही कल्पना ज्याने उचलून धरली तो माणूस डेव्हिड हॉरोबिन. ऑक्सफर्डचा, अफाट बुद्धीचा. नैरोबीत शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता, पुढे न्यूकॅसल आणि माँट्रियल. १९७५ साली त्याने ‘मेडिकल हायपॉथिसीज’ नावाचं नियतकालिक काढलं. तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या रिवाजाला फाटा देऊन नव्या, धाडसी कल्पनांना जागा द्यायची, हे त्याचं धोरण. नंतर त्याने स्कोशिया नावाची औषधकंपनी उभी केली आणि ती या तेलाच्याच बळावर वाढली. १९८८ साली ‘एपोगॅम’ला इसबासाठी आणि त्यानंतर ‘एफामास्ट’ला स्तनदुखीसाठी ब्रिटनमध्ये औषध म्हणून परवाना मिळाला. दुकानातल्या फळीवरचं पूरक अन्न नव्हे हं, डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचं औषध!

परवाना मिळाला तो काही हवेतून नाही. १९८२ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी ९९ रुग्णांवर चाचणी करून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की इसब सुधारतं. १९८९ साली नऊ चाचण्यांचे आकडे एकत्र करून फायदा दाखवला गेला. त्या लेखाच्या लेखकांत हॉरोबिन स्वतः होते. पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तेव्हाच साचत होता. १९८५ साली मिनेसोटातल्या जोएल बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांनी १२३ रुग्णांवर हे तेल वापरून पाहिलं, काही उपयोग दिसला नाही. आणि १९९३ साली तुझ्या लेस्टरच्या त्वचाविभागातल्या डॉक्टरांनी शंभराहून अधिक रुग्ण घेऊन, चार महिने, खरं तेल कुणाला आणि फसवं कुणाला हे रुग्णालाही कळू न देता आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता चाचणी केली. निकाल तोच. दोन्ही गटांत फरक नाही.

यानंतर चित्र पालटतच गेलं. २००१मध्ये स्कोशिया बुडाली. ऑक्टोबर २००२मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेने एपोगॅम आणि एफामास्ट या दोन्हींचे परवाने काढून घेतले. तेल अपायकारक ठरलं म्हणून नाही. गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून. २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने इसबावरच्या २७ चाचण्या एकत्र तपासल्या, सुमारे सोळाशे माणसांच्या. त्यांत हे तेल आणि त्याच आम्लाचं बोरेज तेल, दोन्ही होती. फसव्या कॅप्सूलपेक्षा अधिक काही हाती लागलं नाही. त्या अहवालाचे पहिले लेखक तेच जोएल बॅमफर्ड. अठ्ठावीस वर्षं एका प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे.

हॉरोबिन २००३ साली गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इतक्या कठोर शब्दांत आला की वाचकांच्या निषेधाची पत्रं येऊन पडली. माझं मत विचारशील तर, माणूस लबाड होता असं मला वाटत नाही. आपल्या कल्पनेवर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि त्याच कल्पनेवर त्यांची कंपनीही उभी होती. चाचणी करणारा आणि तेल विकणारा एकच असू नये, ही माझी ठाम भूमिका आहे, आणि ती या उदाहरणावरूनच पक्की झाली.

आता स्तनदुखी. हे जरा सविस्तर सांगते, कारण इकडे आपल्या बायकांना हीच कॅप्सूल अजून सर्रास लिहून दिली जाते. पाळीच्या आधी छाती जड होते, ठणकते, हात लावू देत नाही. ८०च्या दशकात कार्डिफच्या खास स्तनदुखी क्लिनिकमधून या तेलाने आराम पडतो असे अहवाल आले आणि जगभर वापर सुरू झाला. मग २००२मध्ये नेदरलँड्समध्ये १२० बायकांवर चाचणी झाली. काहींना हे तेल, काहींना माशाचं तेल, काहींना साधं मक्याचं वगैरे तेल. सगळ्याच गटांत दुखणं कमी झालं! प्रिमरोजवाल्यांचं जास्त कमी झालं असं मात्र नाही. पुढे २००५ साली ५५५ बायकांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांपैकी एक रॉबर्ट मॅन्सेल, कार्डिफच्या जुन्या अहवालांशी ज्यांचं नाव जोडलेलं होतं तेच. त्यांनीही मान्य केलं की तेल आणि फसवी कॅप्सूल यांत फरक नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या बाईला मक्याच्या तेलाने बरं वाटलं ती खोटं बोलत नव्हती, आणि तिचं आधीचं दुखणंही मनाचे खेळ नव्हते. हे दुखणं महिन्यामहिन्याला चढतं-उतरतं, पुष्कळदा आपोआप ओसरतं. बाई डॉक्टरकडे जाते ती ते टोकाला गेल्यावर, म्हणजे पुढे उतारच असायचा. त्यात कुणीतरी नीट तपासलं, कॅन्सर नाही असं शांतपणे सांगितलं, की निम्मी काळजी तिथेच जाते. आमच्या शेजारच्या एका वहिनींनी तीन महिने कॅप्सूल घेतल्या, बरं वाटलं, श्रेय कॅप्सूलला दिलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की पुन्हा दुखलं तर आधी नीट मापाची, आधार देणारी ब्रा घेऊन बघा. डायक्लोफेनॅकचं मलम वरून लावून उपयोग होतो, त्याला चाचणीचा आधार आहे. आणि गाठ लागली, बोंडातून रक्त आलं किंवा दुखणं एकाच जागी ठाण मांडून बसलं, तर कुठलंही तेल नको, थेट तपासणी.

तुझ्या गरम वाफांचं, म्हणजे रजोनिवृत्तीतल्या या घामाचं, सांगायचं तर पुरावा तुटपुंजा आहे. १९९४ साली इंग्लंडातच ५६ बायकांवर सहा महिन्यांची चाचणी झाली, दिवसाला आठ कॅप्सूल! निष्कर्ष : फसव्या गोळीहून सरस नाही. २०१३ साली इराणमध्ये पुन्हा ५६ बायका, सहा आठवडे. तिथे वाफांची तीव्रता तेलाने ४२ टक्के कमी झाली, तर फसव्या कॅप्सूलने ३२ टक्के. वाफा किती वेळा येतात आणि किती वेळ टिकतात यांत ठोस फरक नाही. दुकानदार तुला ४२चा आकडा सांगेल, ३२चा सांगणार नाही.

मग हे तेल सर्वस्वी निरुपयोगी का? तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मधुमेहामुळे पायांच्या नसा बिघडतात, त्यावर १९९३ साली १११ रुग्णांची वर्षभराची चाचणी झाली होती आणि गॅमा-लिनोलेनिकच्या मोठ्या डोसने, रोज ४८० मिलिग्रॅमने, बऱ्याच मोजमापांत सुधारणा दिसली. संधिवातातही या आम्लाच्या तेलांनी वेदना थोड्या कमी होतात असं काही चाचण्या सांगतात. पण हिशेब कर. हजार मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते आम्ल साधारण नव्वद मिलिग्रॅम. दिवसाला एक घेऊन त्या चाचणीतल्या डोसच्या पाचव्या हिश्शालाही आपण पोचत नाही.

मी मागे एक कॅप्सूल सुईने टोचून बशीत पिळली होती. फिकट पिवळं, पातळ, जवळजवळ वास नसलेलं तेल. थेंब बोटांत चोळला तर खोबरेल-करडईसारखाच. कवच मात्र बहुतेक कंपन्यांचं जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून आलेलं. तुझ्या सासूबाई माळकरी, त्यांना कुणी सुचवलं तर हे आधी सांग.

अपाय म्हणशील तर फारसे नाहीत. मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. फिटचा त्रास असेल तरी विचारायचं. आणि गरोदर बायका शेवटच्या आठवड्यांत कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून घेतात, तेही कुणाला सांगू नकोस. १९९९च्या एका अभ्यासात तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलने गरोदरपण लवकर आटोपलं नाही, उलट काही अडचणी वाढल्याची शंका आली.

तेव्हा सुनंदा, बाटली मागवू नकोस. वाफांसाठी तुझ्या जीपीची वेळ घे आणि एचआरटीबद्दल, म्हणजे संप्रेरकं देण्याच्या उपचाराबद्दल, मोकळेपणाने विचार. त्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे, फक्त तुझ्या घरातला स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास त्यांना आधी सांग. एचआरटी नको वाटली तर सीबीटी नावाचा समुपदेशनाचा प्रकारही तिकडे सुचवतात, तो ऐकून घे. नातीला रोज दोन-तीनदा भरपूर मॉइश्चरायझर लावायचं, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, आणि डॉक्टरने दिलेलं स्टेरॉइडचं मलम घाबरून अर्धवट सोडायचं नाही. पुढच्या पत्रात तिची कोपरं आणि गुडघ्यांच्या मागची कातडी कशी आहे ते कळव.

तुझी,
माधुरी