घरच्या माणसांच्या मापाची होडी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, या सुट्टीत इकडेच या. हे शिडाची होडी विकत घ्यायची म्हणतायत. जुनी. माझं काही ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

चिखलीत राहणाऱ्या बाईने होडीबद्दल सल्ला द्यायचा म्हणजे गंमतच. आमच्या पैनगंगेचं पाणीसुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून वर्धेला मिळतं आणि प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. पण माझी पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली होती, दाभोळ खाडीच्या काठी, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. आंतरजिल्हा बदली मिळेपर्यंत आठ वर्षं मी तिथे काढली. सोबतीला राहायला आलेल्या बहिणीचं लग्न तिथल्याच एका घरात ठरलं. मी विदर्भात परतले, ती खाडीकाठची झाली.

मेहुणे १४ वर्षं कुवेतला होते. आता कायमचे परत आले आहेत. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दोघांनी वडिलांना जास्त करून मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेलं. रविवारी सगळ्यांनी मिळून खाडीत फिरावं, कधी डबा घेऊन जावं, कधी एखादी रात्र नांगर टाकून पाण्यावरच काढावी, असं त्यांच्या मनात होतं. मला म्हणाले, "आपा, माझे आजोबा नाखवा होते. माझ्या पोरांना मात्र वल्हं कसं धरतात तेही माहीत नाही."

उर्दूच्या वर्गात मी 'नाखुदा' हा शब्द शिकवते. फारसीतला नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा मालक. तोच कोकणात नाखवा झाला. मुंबईत नाखुदा मोहल्लाही आहे. पण शब्द राहिला तरी हातातलं काम एका पिढीत जातं. मासेमारीच्या होड्यांवर इंजिनं आली आणि शिडं उतरली. राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या होड्यांवर ती अजून दिसतात. मेहुण्यांना शीड हाकता येत नव्हतं. त्यांच्याकडे हौस होती आणि साठवलेले पैसे होते. बहिणीला भीती वाटत होती ती नेमकी याचीच.

सुट्टीत आम्ही तीन होड्या पाहिल्या. सोबत गावातले एक वयस्कर खलाशी होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आमच्याकडे बैलबाजारात जाणकाराला सोबत नेतात, दात बघायला आणि चालवून बघायला, तसंच हे.

पहिली होडी २४ फुटी, फायबरची. आत छोटी खोली, चार जणांना झोपायची सोय, चहापुरती शेगडी. मागणी साडेचार लाखांची. मेहुण्यांचं मन तिथेच बसलं. चाचांनी मात्र ती पाण्याखाली किती जाते हे विचारलं. शिडात वारा भरला की होडी पुढे जाते, तशी ती आडवी सरकते आणि एका बाजूला कलतेही. ते थोपवायला या होडीच्या पोटाखाली वजनदार, न हलणारा कणा होता, चार फूट खोल. उघड्या समुद्रात असा कणा होडीला आधार देतो. पण आमच्या खाडीत ओहोटीला कित्येक ठिकाणी गुडघाभर पाण्याखाली चिखलाचे उंचवटे असतात. कणा तिथे रुतला की होडी आडवी होते आणि पुढची भरती येईपर्यंत माणसं तशीच अडकतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं, हे आम्ही भूगोलात शिकवतो. लहान मुलं घेऊन चिखलात अडकल्यावर त्यातले पाच-सहा तास किती लांब होतील, ते पुस्तकात नसतं.

दुसरी होडी लाकडी, २० फुटी, इथल्याच बांधणीची. स्वस्त होती आणि दिसायला सगळ्यांत देखणी. चाचांनी खिशातला दाभण काढून पाणरेषेजवळच्या फळ्यांत टोचत नेला. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात सहज आत जातं. तीन ठिकाणी ते गेलं. खिळ्यांभोवती काळे डाग होते, म्हणजे लोखंड आतून गंजलेलं. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि डामर पुन्हापुन्हा ठासावं लागतं, ते करणारे कारागीर आता कमी. शिवाय तिचं शीड लांब, जड परबाणाला बांधलेलं. ते चढवायला-उतरवायला दोन धट्टेकट्टे गडी लागतात. या घरात तसा माणूस एकच.

तिसरी होडी १६ फुटी, फायबरची, वरून उघडी. पूर्वी शीड शिकवण्याच्या एका केंद्रात वापरलेली. रंग उडालेला, बाकांवर ओरखडे, मागणी पावणेदोन लाखांची. तिच्या मध्यभागी उभी फळी होती. खोल पाण्यात ती खाली सोडायची, उथळ आलं की दोरीने वर ओढून घ्यायची. मग होडी गुडघाभर पाण्यातही तरंगते. बाकांखाली हवाबंद कप्पे होते, त्यामुळे पाणी भरलं तरी ती बुडत नाही. मेहुण्यांनी तोंड वाकडं केलं. "हे तर खेळणं आहे," म्हणाले. खेळणं नव्हतं ते. इंग्लंडमध्ये इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली 'वेफेअरर' ही साधारण याच लांबीची, अशीच उघडी होडी. कुटुंबं तिच्यातून दिवसभर फिरतात आणि रात्री वर तंबू ताणून तळावर झोपतात. फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये एका साथीदारासह तशा होडीतून स्कॉटलंडहून आइसलँड गाठलं होतं. ते धाडस आपल्या कामाचं नाही, पण लहान होडी म्हणजे कच्ची होडी नव्हे, एवढं त्यावरून कळतं.

खरा निकाल लागला तो चाचांच्या एका अटीमुळे. ते म्हणाले, "घेणाऱ्याने एकट्याने बसून बघू नये. घरचे सगळे बसवा, मग पैशाचं बोला."

मालकाच्या परवानगीने आधी मोठी होडी धक्क्याला लावली. तिचा काठ उंच, पाय टाकायला जागा अरुंद. बहिणीच्या सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या. दोनदा पाय उचलला आणि मागे घेतला. "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते," त्या म्हणाल्या. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका असंच म्हणतात. लग्नाच्या गाडीत जागा कमी पडली तरी, जत्रेला जायचं असलं तरी. आणि आपणही लगेच मान्य करतो. त्या दिवशी बहीण म्हणाली, "अम्मी इथे बसणार असतील तर त्यांच्याजवळ कुणीतरी लागेल. मग मी पण इथेच." भाचीनेही आईचा हात धरला. होडीत उरले बाप-लेक.

मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. सगळ्या घरासाठी घ्यायची म्हणून निघालेली होडी दोघांचीच झाली होती.

संध्याकाळी लहान होडी वाळूला लावली. फळी वर, पाणी पोटरीभर. सासूबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बाकावर बसल्या, तेही तळाशी, वाऱ्यापासून आडोशाला. अर्धा तास सगळे फिरून आले. उतरताना सासूबाईंनी एवढंच विचारलं, "उद्या पण जायचं का?"

मग तपासणी. चाचांनी तळावर सगळीकडे लाकडी मुठीने ठोकून आवाज ऐकला. फायबर चांगलं असेल तर आवाज टणक येतो, आत पाणी मुरलं असेल तर बसका. डोलकाठीच्या बुंध्याशी बारीक तडे आहेत का ते पाहिलं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापड फिरवलं. तारेचा एक धागा तुटला असेल तरी कापड अडकतं. एका तारेवर ते अडकलं, ती बदलायचं ठरलं. शिडाची शिवण नखाने ओढून पाहिली, कारण उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. कप्पे खरंच हवाबंद आहेत का, हे उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहिलं. कागदांत मूळ खरेदीची पावती, नोंदणी आणि विमा पाहिला, आणि मालकी नावावर करण्यासाठी काय लागतं हे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारलं. हे सगळं पैसे देण्याआधी.

सूरह कहफमधला हजरत मूसा (अलै.) आणि हजरत खिज्र (अलै.) यांचा किस्सा आपल्या मुलांना माहीत असतो. गरिबांच्या होडीला मुद्दाम खोट आणली गेली, कारण पुढे चांगल्या होड्या हिसकावून घेणारा बादशाह होता. खोटीमुळेच होडी वाचली. उडालेल्या रंगाकडे बघून मला ते आठवलं. रंगाची खोट किंमत कमी करते. तारेची खोट जीव घेते. दोन्हींतला फरक कळायला चाचांसारखं माणूस सोबत हवं.

वाचलेल्या पैशांतून आधी लाइफ जॅकेट आली, प्रत्येकाच्या मापाची. मुलांना मोठ्यांची जॅकेट चालत नाहीत, पाण्यात ती डोक्यावरून निघून जातात. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हे कोकणात अजून सांगतात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते तर आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिलं. म्हणून त्या घरात नियम आहे: जॅकेटचे पट्टे वाळूवरच बांधायचे, पाण्यात गेल्यावर नाही.

दुसरा नियम बहिणीने घातला. सफरीला तिघं निघाले तरी एकाला अमीर करावं, ही आपली शिकवण. पहिल्या हंगामात होडीवर अमीर चाचा. मेहुणे सुकाणू धरतील, पण परत फिरा म्हटलं की फिरायचं. आणि निघण्याआधी घरातलं कुणीही, अगदी ९ वर्षांचा मुलगासुद्धा, आज नको म्हणाला तर होडी निघणार नाही. कारण विचारायचं नाही.

जानेवारीत त्यांनी पहिली रात्र पाण्यावर काढली, खाडीच्या एका आडोशाला, चाचा सोबत होते. भाचीकडे होकायंत्र होतं, किब्ला सांगायचं काम तिचं. तिने मला फोनवर सांगितलं, "खालाजान, इशाला होडीचं तोंड समुद्राकडे होतं आणि फजरला जमिनीकडे. होडी आपोआप फिरली!" भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, ओहोटीचं जमिनीकडून, आणि नांगरलेली होडी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करते. मी हे धडे वीस वर्षं फळ्यावर काढत आले. तिने ते एका रात्रीत पाहिलं.

मे महिन्याच्या मध्यावर होडी वर ओढून झापांनी शाकारली. १ जूनला मासेमारी बंद होते, तेव्हा हौसेच्या होडीने पाण्यात राहू नये.

त्याआधीच्या एका रविवारची गोष्ट बहिणीने सांगितली. बिर्याणीचा डबा भरला होता, मुलं तयार होती, चाचांनाही वारा ठीक वाटत होता. बहीण म्हणाली, "आज नको." मेहुण्यांनी शीड गुंडाळलं, वाळूवर चटई अंथरली आणि सगळ्यांनी होडीशेजारी बसून बिर्याणी खाल्ली.