दाराजवळची क्रेट

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज २ मध्ये, एका बोल्टच्या कारखान्यात मी मालाची तपासणी बघतो. माल ट्रॅक्टरला जातो. पहिल्याच महिन्यात फोरमननं माझ्या कागदावर बोट ठेवलं. "साहेब, इथं पंच्याण्णव टक्के लिहिलंय. म्हणजे शंभरात पाच नग खराब?"

एम-१० चे २५ नग मोजले होते. आट्यांचा बाहेरचा व्यास सरासरी ९.८५० मिलिमीटर, प्रमाण विचलन ०.०३०. त्यावरून ९५ टक्के कॉन्फिडन्स लेव्हलला पट्टा निघाला ९.८३८ ते ९.८६२. हा पट्टा लॉटच्या सरासरीचा. सुटे नग त्याच्याबाहेर खुशाल जातात, आणि तरीही ९.७३२ ते ९.९६८ या टॉलरन्समध्ये बसतात.

मग पंच्याण्णव टक्के कशाचे? मी फोरमनला म्हटलं, याच लॉटमधून रोज नवे पंचवीस काढा, रोज पट्टा आखा. पट्टा दर वेळी थोडा सरकेल. खरी सरासरी जागची हलणार नाही. असे पुष्कळ पट्टे आखले, तर शंभरातले साधारण पंच्याण्णव तिला पोटात घेतील. आजचा त्या पंच्याण्णवांतला की उरलेल्या पाचांतला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. भरवसा आखण्याच्या रीतीचा असतो. तो ९९ टक्के हवा तर पट्टा रुंदावतो. रुंदी निम्मी करायची तर नग चौपट मोजावे लागतात.

एवढं समजावणाऱ्या माझ्याच हातून पुढे रीत मोडली. एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. माझा पट्टा सुरेख अरुंद होता, पण पंचवीसही नग मी दाराजवळच्या क्रेटमधून, वरच्यावर उचललेले. ते दिवसपाळीचे होते. रात्री थ्रेड रोलिंगच्या डायची सेटिंग सरकली होती. सूत्राला ते कुठून दिसणार?

तेव्हा संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे फार आठवले. साताऱ्यातल्या बुध गावचा हा माणूस फर्ग्युसनमधून लंडनला गेला. कॉन्फिडन्सचा हा पट्टा १९३४ मध्ये मांडणाऱ्या यर्झी नेमन यांच्या सहवासात शिकला आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेतली. आपल्याकडे पिकाचा अंदाज तेव्हा आणेवारीचा, म्हणजे नजरेचा. सुखात्म्यांनी पीक कापणीच्या पाहण्यांत आग्रह धरला तो यदृच्छ निवडीचा: गाव, गावातलं शेत, शेतातला तुकडा, काहीही पाहणाऱ्याच्या सोयीनं निवडायचं नाही. निवडलेला तुकडा कापायचा, धान्य वजन करायचं. मला हे त्यांच्या साऱ्या गणिताइतकंच मोठं वाटतं. सोय ही कुठल्याही सूत्रात पकडता येत नाही.

आता आमच्या क्रेटांवर नंबर आहेत, दोन्ही पाळ्यांचे वेगळे. चिठ्ठी फोरमन काढतो. परवा भिंतीकडच्या थप्पीतली सगळ्यात खालची क्रेट निघाली. वरच्या चार आम्ही दोघांनी उतरवल्या.