स्वस्त, महाग आणि परवडणारे

दाभोळला लोखंड फार काळ तरुण राहत नाही. वाशिष्ठीच्या मुखावर वसलेल्या या जुन्या बंदरात वारा मीठ घेऊनच येतो. २००३ साली धोपाव्याची फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणचा लांबचा वळसा टळून व्यापाऱ्याचा टेम्पो थेट गुहागर तालुक्यात उतरू लागला. पण खाडीकाठच्या खाऱ्या दमटपणाचा कर प्रत्येक वाहनाला भरावाच लागतो. चाकांचे नट आखडतात, हौद्याच्या तळाला गंज धरतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात देणे, हे येथे घर शाकारण्याइतकेच नेमाचे काम आहे.

बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी हे काम धाकट्या मुलाने स्वतःकडे घेतले. गॅरेजची वाट पाहण्यात टेम्पोचा एक दिवस गेला, तर पलीकडच्या दुकानदारांचा माल अडतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीकडे वळते, हे त्याने पाहिले होते. विजेवर चालणारी अवजारे घ्यायची ठरली, पण कोणती घ्यायची यावर बाप-लेकांचे मत जुळेना. ‘नामांकित कंपनीचेच घेऊ, अण्णा, खर्च एकदाच होईल,’ असे मुलाचे म्हणणे. ‘वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूत एवढे भांडवल अडकवू नये,’ असे अण्णांचे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते; आणि दोघांच्याही हिशेबात एक रकाना कोरा होता.

‘महाग तेच चांगले’ या समजुतीला उत्तर देण्यासाठी अण्णांना दूर जावे लागले नाही. त्यांनी खाडीपलीकडे अंजनवेलकडे बोट दाखवले. दाभोळचे नाव लावणारा तो प्रचंड वीज प्रकल्प. त्याचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला. राज्य वीज मंडळाला त्या विजेचा दर झेपेना, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. नव्या कंपनीच्या हाती तो पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. यंत्रे जगातल्या उत्तम यंत्रांपैकी होती. बसला नाही तो हिशेब. वस्तूचा दर्जा आणि वस्तूचे परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाभोळकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण स्वस्ताचीही पारख करावी लागते. बॅटरीवर चालणाऱ्या अवजारांच्या खोक्यांवर कुठे १८ व्होल्ट, कुठे २०, तर कुठे २१ असे छापलेले असते, आणि मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात तिन्हींच्या पोटात एकामागोमाग जोडलेले पाचच लिथियम सेल असतात. एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट धरला तर १८ होतात. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा ४ धरला तर २०, आणि ४.२ धरला तर २१. माप तेच, आकडा वेगळा. तराजूवर पोट भरणाऱ्या माणसाला यातील मेख वेगळी समजावून द्यावी लागत नाही. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या अवजाराला बसत नाही. पहिले अवजार घेताना माणूस खरे तर पेढी निवडत असतो. पुढचा सारा व्यवहार तिच्याशीच.

मग कोरा राहिलेला रकाना कोणता? ‘हे अवजार ऐन कामात दगावले, तर काय जाईल?’ हा प्रश्न दोघांनीही मांडला नव्हता. चाकाचे नट सोडवणारी इम्पॅक्ट गन बंद पडली, तर चार तोंडांचा साधा पाना काढता येतो. जाते ती थोडी वेळ आणि थोडा घाम. ग्राइंडरचे तसे नाही. त्याची १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते; म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक. त्या वेगात चकतीचा तुकडा उडाला, बटण अडकून यंत्र थांबेना, किंवा गार्ड सैल निघाला, तर जाणारी वस्तू बाजारात मिळत नाही. टेम्पोखाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवायची, हाही याच रकान्यातला खर्च. घोडी, चष्मा, मजबूत गार्ड आणि चांगले बटण यांत काटकसर करायची नसते. शेवटी नट आवळण्यासाठी टॉर्क पाना हवा. गनच्या भरवशावर आवळलेला नट एक तर आटे खातो किंवा सैल राहतो.

या कसोटीवर खरेदीची यादी आपोआप दोन भागांत विभागली. ग्राइंडर चांगल्यातला, वायरवर चालणारा घ्यायचा ठरला. त्याचे कार्बन झिजले तर थोडक्यात बदलून मिळतात, आणि वायंडिंग जळले तरी मोटार बांधणारा कारागीर ते पुन्हा भरून देतो. असा माल शोधायला परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळची केपीटी इंडस्ट्रीज (पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स) ही कंपनी याच धंद्यातली.

गनचा प्रश्न मात्र उरला. ती बॅटरीचीच हवी होती. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यात दिवसच्या दिवस वीज नव्हती, ते कोणी विसरलेले नाही. अण्णांनी कागद ओढला. समजा, स्वस्त गन ५,००० रुपयांची आणि ३ वर्षे टिकणारी. वर्षाला सुमारे १,६६७ रुपये. महाग गन, मध्ये एकदा बदलायच्या बॅटरीसह, २४,००० रुपयांची आणि १० वर्षे चालणारी, वर्षाला २,४००. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या अवजारासाठी वरचे ७३३ रुपये त्यांना जड वाटले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, ‘अण्णा, आळीत टेम्पो आणखी दोघांकडे आहेत.’

आकडेमोड तेथेच फिरली. तिघांनी मिळून महाग गन घेतली, तर प्रत्येक घरामागे वर्षाला ८०० रुपये. एकट्याने घेतलेल्या स्वस्त गनच्या निम्म्याहून कमी. स्वस्त गन तिघांत घेतली असती तर ५५६ पडले असते, हे अण्णांच्या नजरेतून सुटले नाही. पण मालाची गाडी अडू नये यासाठी वर्षाला २४४ रुपये म्हणजे महागडा विमा नव्हे, असे त्यांनीच ठरवले.

आता गन कोरड्या पेटीत असते, बॅटरी अर्धी चार्ज करून बाजूला काढलेली, उन्हापासून दूर. पेटीवर एक वही आहे. कोणी नेली, कधी परत केली, याची नोंद तीत होते आणि ती अण्णा ठेवतात. वर्षअखेरीस कोणाचा वापर जास्त झाला हे कळेल. त्यावरून वाद झालाच, तर तो मिटवण्याइतका हिशेब त्या वहीत असेल.