कूलरची खंडेनवमी

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. मुंबईच्या पाहुण्यांना या लोखंडी पेटीचे मोठे कौतुक वाटते, कारण त्यांच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही. कोरडी लू ओल्या घासेतून आत येताना पाण्याची वाफ होते आणि त्यामुळे हवा थंड होते. हवेत आधीच बाष्प असेल तर हे काम मंदावते. म्हणून पावसाळा लागला की आपणही कूलर बंद करतो आणि त्याला विसरतो.

आमच्या घरी कूलरचे खाते माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, कूलर चालून जितका बिघडत नाही तितका पडून राहून बिघडतो. तळाशी राहिलेले पाणी पत्रा खाते, क्षार पंपात घट्ट बसतात, मोटरच्या बुशातले तेल सुकते. एप्रिलमध्ये बटण दाबले की हे सारे एकदम उघडकीस येते आणि मेकॅनिककडे गर्दी होते. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

बिघाड शोधायचा तर शक्ती कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे अडते, एवढेच क्रमाने पाहावे. मोटर अगदी गप्प असेल तर आधी प्लग, वायर आणि स्विच तपासावा. ती नुसती गुणगुणत असेल तर प्लग काढून पंखा हाताने फिरवावा. जड फिरला तर बुश आवळला आहे, त्याला तेल हवे. सहज फिरला तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. मोटर फिरते पण पंखा फिरत नाही, असे असेल तर पात्याला दांड्यावर धरणारा स्क्रू सैल झालेला असतो. पंप चालतो पण पाणी चढत नाही, तेव्हा जाळीत कचरा किंवा क्षार अडकलेले असतात.

माझा भाचा कॅनडात ऑटावाला असतो. त्याच्याकडे दारातले बर्फ उडवणारे यंत्र आहे. एका हिवाळ्यात त्याचा फोन आला, “मामा, इंजिन चालतंय, पण चाकं हलत नाहीत!” मी ते यंत्र कधी पाहिलेले नाही, पण विचारायचा प्रश्न तोच होता, शक्ती कुठे अडते? इंजिनापासून चाकांपर्यंत एक पट्टा, एक रबरी चकती आणि दांडीची केबल असते. केबल ठीक होती, पट्टाही ठीक होता; चकतीचे रबर झिजले होते. आता वसंत ऋतूत यंत्र ठेवून देतानाच तो या तिन्ही गोष्टी पाहतो आणि टाकीतले पेट्रोल संपवतो, कारण जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसते.

विद्यार्थी मित्रांनो, संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच असते. लोखंडी पेटी, पाणी आणि वीज एकत्र आली की चूक जिवावर बेतते. स्विच बंद करणे पुरेसे नाही, आधी प्लग काढा. पायात कोरडी चप्पल असू द्या. पत्र्याला हात लावून किंचितही झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी दूर व्हा आणि मोठ्यांना सांगा. कंडेन्सरला तुम्ही हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. पालकांनी तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून दरवर्षी तपासून घ्यावे. त्यात काटकसर नको. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासांना हेच साचलेले पाणी लागते.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. कूलरचा हंगाम तोवर संपलेला असतो. त्या दिवशी पाणी पूर्ण काढावे, क्षार खरवडावे, जुनी घास काढून टाकावी, टाकी उन्हात वाळवावी, बुशात दोन थेंब तेल सोडावे आणि पेटी झाकून ठेवावी. झेंडूचे फूल त्यानंतर वाहावे.